मधल्या बाटल्या

४ फेब्रुवारी

थर्मामीटरबाई,

दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. पाकिटावर माझं अक्षर बघून तुझ्या मनात आधी तेच आलं असणार. सगळे जागच्या जागी आहेत. मुद्दाम पत्र लिहितेय, कारण फोनवर आपलं दुसऱ्याच वाक्याला वाजतं. पत्रात निदान मध्येच तोंड घालता येत नाही.

आई गेल्यावर मी तुला खूप बोलले. तिच्या आजारपणात तू आली नाहीस, औषधांचं टाइप केलेलं वेळापत्रक पाठवलंस, रकाने आखून. त्याचा मला भयंकर राग आला होता. अजूनही थोडा आहे, खोटं कशाला बोलू? पण तेच वेळापत्रक भिंतीला लावून मी तिला औषधं दिली आणि एकही वेळ चुकली नाही. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. आता सांगितलं.

इकडे नेहमीचंच. सकाळी कोल्ड रूमचं कुलूप काढायचं, काटा बघायचा, लशींच्या पेट्या उतरवून घ्यायच्या, दवाखान्यांच्या गाड्या आल्या की भरून द्यायच्या. उन्हाळा यंदा लवकर आलाय आणि वीज मनाला येईल तेव्हा जाते. हे बोटीवर आहेत, इतक्यात परत येत नाहीत. क्वार्टरमध्ये मी आणि तुझी भाची. उंचीला माझ्या कानाशी आली, तरी जिना उतरताना दोन-दोन पायऱ्या गाळते. भिंगरी हे नाव तू ठेवलंस ते अगदी बरोबर ठेवलंस.

तिच्यासाठीच लिहितेय. शाळेत तिला प्रकल्प दिलाय, पदार्थाच्या अवस्थांवर. स्थायू, द्रव, वायू. बर्फाचा खडा वितळवून झाला, चित्रं काढून झाली. बाई म्हणाल्या, काहीतरी वेगळं आण. तर तिचा प्रश्न असा की, एखादी वस्तू गोठून परत वितळली, तर ती पहिल्यासारखी होते का? नुसतं बघून कुणाला कळतं का? मी म्हटलं, बाई गं, मला कुलूप-किल्ली कळते, आत काय चालतं ते मावशीला विचारू. तर म्हणते, "मावशी उत्तर देईल, पण परिशिष्ट जोडून."

देशील ना?

ताई


१० फेब्रुवारी

ताई,

पत्र मिळालं. वेळापत्रकाबद्दल लिहिलंस ते वाचलं. आता प्रश्नाकडे वळते.

उत्तर पदार्थावर अवलंबून आहे. शुद्ध पाणी कितीही वेळा गोठवलं आणि वितळवलं तरी पाणीच राहतं. गोठताना त्याचे कण रांगेत बसतात, वितळताना रांग मोडते, मागे खूण उरत नाही. नुसतं बघून कुणालाही कळणार नाही, मलाही नाही.

पाण्यात दुसरं काही मिसळलेलं असलं की गोष्ट बदलते. गोठताना पाणी रांगेत फक्त स्वतःच्या कणांना घेतं, बाकी सगळ्यांना बाहेर ढकलतं. ते ढकललेले कण एकमेकांवर दाबले जातात, चिकटतात, आणि बर्फ वितळला तरी सुटे होत नाहीत. अंड्याचा पिवळा बलक गोठवून वितळवून बघ. तो पुन्हा वाहत नाही, लोण्यासारखा राहतो. भिंगरीला हा प्रयोग घरी करता येईल.

माझं रोजचं काम याच प्रकारातलं आहे. काही लशींमध्ये औषध अतिशय बारीक पांढऱ्या कणांना धरून असतं. बाटली हलवली की दुधाळ दिसते आणि बराच वेळ दुधाळ राहते. ती एकदा गोठली असेल तर कण चिकटून जड झालेले असतात. हलवून टेबलावर ठेवली की साका भराभर तळाशी बसतो. आम्ही त्याच बॅचची एक बाटली मुद्दाम गोठवतो, वितळवतो, आणि संशयित बाटलीशेजारी ठेवून बघतो. उपकरण म्हणशील तर डोळे आणि घड्याळ.

गोठलेली लस सहसा अपाय करत नाही, याचा लोकांना उगाच दिलासा वाटतो. ती कामच करत नाही. मूल टोचून घेतं, रडतं, आईबापांना वाटतं झालं एकदाचं. आजार आला की ते मूल उघडंच असतं.

परिशिष्ट जोडलेलं नाही. एक आकृती जोडली आहे.

धाकटी


१८ फेब्रुवारी

थर्मामीटरबाई,

आकृती मिळाली. भिंगरीने वहीत चिकटवलीसुद्धा. इतके सरळ बाण कसे काढतेस गं? माझे तर पट्टी धरूनही वाकडे येतात.

वाचताना हसू आलं. लहानपणी आई पाणी उकळायला ठेवायची आणि तू स्टुलावर चढून झाकणाच्या आतल्या थेंबांना दम द्यायचीस, "आता पड! पडतोस की नाही?" शेजारच्या काकू आईला म्हणाल्या होत्या, पोरीला कुणाला तरी दाखवा. आई म्हणाली, दाखवायचंय कशाला, तिला दिसतंय ते आपल्यालाच दिसत नाही. आठवतं?

आता पुढचा प्रश्न. ही पोरगी पिच्छा सोडत नाही. तिला एका खोक्यात छोट्या बाटल्या खच्चून भरून फ्रीजरमध्ये ठेवायच्या आहेत. सगळ्या एकदम गोठतात का? नसतील तर आधी कुठल्या आणि शेवटी कुठल्या? आणि अशी खोकी एकावर एक रचली तर? मी म्हटलं, अगं, खोकं एकच पुरे. पण तिला सगळं मोठ्या प्रमाणावर लागतं. कुणावर गेलीय कुणास ठाऊक.

सुट्टीत ये ना. क्वार्टरला एक मागची खोली आहे, शिवणयंत्र हलवलं की पलंग मावतो. भांडण झालं तर तू त्या खोलीत, मी या खोलीत, मधे पत्रव्यवहार करू.

ताई


२४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

काकूंचं वाक्य मला आठवत होतं. आईचं उत्तर माहीत नव्हतं. मी तेव्हा स्टुलावरून उतरून आत गेले असणार. ते कळवलंस हे बरं केलंस.

भिंगरीचा प्रश्न उत्तम आहे. माझ्याकडे शिकायला येणारी मोठी मुलंही तो विचारत नाहीत.

सगळ्या एकदम गोठत नाहीत. पाणी शून्यावर पोचलं म्हणून लगेच बर्फ होत नाही. बर्फ होण्यासाठी त्याला अंगातली बरीच ऊब बाहेर टाकावी लागते, आणि ती टाकत असताना तापमान शून्याच्या खाली फारसं सरकत नाही. कडेच्या बाटल्या आधी गोठतात, कारण गार हवा त्यांना लागते. गोठताना त्या जी ऊब सोडतात ती आतल्यांपर्यंत जाते. जोवर कडेच्या पूर्ण गोठत नाहीत तोवर मधल्यांची पाळी येत नाही. खोकी रचली तरी हेच. पंख्यासमोरची, मागच्या भिंतीला टेकलेली आणि तळाची खोकी आधी. थप्पीच्या अगदी पोटातलं खोकं सर्वांत शेवटी. बाहेर सगळं दगड झालेलं असताना ते तासन्‌तास द्रव राहू शकतं.

म्हणूनच भांडाराने आमच्याकडे नमुने कुठून पाठवायचे याचा नियम आहे. कोपरे, तळ, पंख्याची बाजू. नमुने भांडारातलाच माणूस निवडतो, आणि आमच्या टेबलावर पाकिटं फक्त क्रमांक घालून येतात, कुठल्या भांडाराची ते आम्हाला कळू नये म्हणून. या सगळ्यात एकच जागा कच्ची आहे, निवडणारा माणूस. त्याने नुसत्या मधल्या बाटल्या पाठवल्या तर सगळं स्वच्छ दिसेल आणि मला काहीही कळणार नाही. भिंगरीला सांग, प्रयोगात मधल्या बाटल्या बघून निष्कर्ष काढलास तर बाई शून्य देतील. मीही देईन.

हे तुला एरवी माहीत असायला हवं. रोज त्याच पेट्यांत वावरतेस.

सुट्टीचं बघते. शिवणयंत्र हलवण्याची घाई करू नकोस, पण हलवता येतं का ते पाहून ठेव.

तुझी,
धाकटी


३ मार्च

बाळे,

किती छान समजावून सांगतेस गं. मला पेट्या मोजता येतात, वर-खाली करता येतात, त्यांच्या पोटात इतकं काही चालतं हे आज कळलं.

प्रकल्प फार छान झाला. बाईंनी वर्गात भिंतीवर लावलाय. भिंगरी नुसती उड्या मारतेय.

सोबत आईची राखाडी शाल पाठवतेय. तेव्हा तुला हवी होती आणि मी दिली नव्हती, मीच घरी होते म्हणून माझा हक्क, असं म्हणाले होते. तुलाच शोभेल. धुतलेली आहे. तिचा वास गेला असेल तर मला रागावू नकोस.

इकडे सध्या दम खायला फुरसत नाही. उशिरा उत्तर आलं तर समजून घे.

ताई


२५ मार्च

प्रिय ताई,

शाल मिळाली. प्रयोगशाळेतली हवा मुद्दाम गार ठेवतात, त्यामुळे खांद्यावर घेऊन बसते. मॅडम, म्हणजे आमच्या विभागप्रमुख, म्हणाल्या, "आज तुम्ही माणसात आलेल्या दिसता." हा विनोद होता असं मला नंतर समजलं.

जूनमध्ये रजा टाकली आहे. मंजूर झाली. शिवणयंत्र हलव.

मधे कामाची गर्दी होती. एका भांडारातून वीज जाऊन आल्यानंतरचे नमुने आले होते, शाळांमध्ये द्यायच्या लशीचे. भराभर तपासून हवे होते. एकही बाटली संशयास्पद निघाली नाही. शेजारी मुद्दाम गोठवलेली ठेवली होती, तिच्यात साका बसून वर नितळ पाणी दिसायला लागलं, आणि या सगळ्या जशाच्या तशा दुधाळ उभ्या. असे नमुने हातात आले की बरं वाटतं. कुठेतरी कुणीतरी आपलं काम नीट करत असतं. मी सही केली. पेट्या शाळांकडे गेल्यासुद्धा असतील.

तुझं पत्र बरेच दिवस नाही. फुरसत नाही हे तू कळवलं होतंस, त्यामुळे वाट पाहत नाही. फक्त नोंद केली.

तुझी,
धाकटी


६ मे

ताई,

हे पत्र मॅडमना सांगून लिहिते आहे.

एका शाळेत लस द्यायला गेलेल्या नर्सबाईंनी उरलेल्या बाटल्या आमच्याकडे परत पाठवल्या. त्यांना हलवताना बाटलीत कण दिसले. त्या बाटल्या मी तपासल्या. साका मुद्दाम गोठवलेल्या बाटलीइतक्याच वेगाने बसला. त्या गोठून वितळलेल्या आहेत, यात शंका नाही.

बॅच तीच आहे जिच्यावर मार्चमध्ये माझी सही झाली. क्रमांकावरून भांडाराचं नाव उघडलं. ते तुझं भांडार आहे.

मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. वीज गेली त्या सुमारास कोल्ड रूममध्ये काही गोठलेलं दिसलं होतं का? आणि नमुने तू कुठून घेतले होतेस?

धाकटी


१२ मे

थर्मामीटरबाई,

अगं, किती घाबरवतेस! सरकारी नोटीस आल्यासारखं पत्र. मी तुझी बहीण आहे, आरोपी नाही.

आमच्याकडे काहीही गोठलं नव्हतं. नमुने नियमाप्रमाणे घेतले, कोपरे, तळ, पंख्याची बाजू. तूच तपासलेस, तूच पास केलेस. म्हणजे इथून निघाल्या तेव्हा बाटल्या चांगल्या होत्या हे तुझ्याच सहीने सिद्ध आहे की नाही? मग जे झालं ते वाटेत झालं. आमचा गाडीवाला बर्फाचे पॅक फ्रीजरमधून काढून थेट पेट्यांना चिकटवतो. हजार वेळा सांगितलं, थोडे सुटू देत जा म्हणून. ऐकत नाही. त्याला सध्या कामावरून बाजूला ठेवलंय, चौकशी चालू आहे. तू काळजी करू नकोस, तुझ्यावर काही येणार नाही.

जूनमध्ये येतेस ना? पलंग आणून ठेवलाय.

ताई


१३ मे

भिंगरी,

तुझ्याशी आजवर आईमार्फतच बोलणं झालं. म्हटलं, एकदा थेट लिहावं. सोबत एक भिंग पाठवते आहे. याने मिठाचा कण बघ, तो चौकोनी ठोकळा असतो. साखरेचा तसा नसतो.

बाटल्यांचा प्रयोग तू शेवटी केलास का? किती बाटल्या घेतल्या होत्यास? प्रकल्प भिंतीवर लागला हे आईने कळवलं, पण बाई काय म्हणाल्या ते लिहिलं नाही. मला ते जाणून घ्यायला आवडेल.

सुट्टी लागायच्या आधी शाळेत काय काय झालं तेही लिही. उत्तर लांबलं तरी चालेल.

मावशी


१९ मे

मावशी,

तुझं पत्र माझ्या नावावर आलं! पोस्टमनने मला "बाईसाहेब, आपली डाक" म्हटलं. मी सही पण केली असती, पण तो म्हणाला साध्या पत्राला लागत नाही.

भिंग एकदम भारी आहे. मीठ खरंच चौकोनी आहे. मी मुंगीपण बघितली, तिला काही आवडलं नाही. आईचा अंगठा बघितला, त्यावर शेतासारख्या रेघा आहेत. आई म्हणाली पुरे आता.

पण कुठला प्रकल्प गं? आमच्याकडे यावर्षी प्रकल्प म्हणजे पक्ष्यांचा होता आणि मी त्यात घार घेतली होती. भिंतीवर माझी नाही लागली, माझ्या घारीचे पाय कोंबडीसारखे आलेत असं बाई म्हणाल्या. बाटल्या मी कशातच नाही भरल्या. तुला दुसऱ्या कुणाचं म्हणायचंय का? तुझी आकृती मात्र मी बघितली आहे, आईच्या टेबलाच्या काचेखाली आहे. तिच्यात खूप बाण आहेत. मी विचारलं तर म्हणाली, ऑफिसचं आहे.

शाळेत मज्जा झाली होती एप्रिलमध्ये. सगळ्यांना लस टोचली. माझी मैत्रीण रडणार नाही म्हणून पैज लावून गेली आणि दारातच रडली, अजून सुई दिसायची होती. मला हे सगळं तिने सांगितलं, कारण मी नव्हते. आईने मला त्या दिवशी घरी ठेवलं. मला काहीच झालं नव्हतं, तरी ताप आहे म्हणून चिठ्ठी दिली. म्हणाली, तुला मी नंतर दुसरीकडून टोचून आणीन, चांगल्या ठिकाणाहून. मग एक दिवस बसने लांबच्या दवाखान्यात गेलो, पण तिथली संपली होती, म्हणून राहिलंच. हे कुणाला सांगायचं नाही असं आई म्हणाली. पण तू कुणी थोडीच आहेस, तू मावशी आहेस.

आई आजकाल जेवताना मधेच थांबते. तू जूनमध्ये आलीस की तिला जरा बोल.

तुझी भिंगरी

ता.क. साखर पण बघितली. ती तुटलेल्या काचेसारखी दिसते.


२८ मे

ताई,

गेल्या आठवड्यात शाळांकडून आणि दवाखान्यांकडून त्या बॅचच्या उरलेल्या सगळ्या पेट्या मागवल्या. प्रत्येक पेटीतली प्रत्येक बाटली हलवून पाहिली. मॅडम शेजारी बसल्या होत्या.

पेटीला चिकटवलेल्या बर्फाच्या पॅकने बाटल्या गोठल्या असत्या, तर प्रत्येक पेटीची पॅक लावलेली बाजू गोठलेली सापडली असती आणि उरलेली बाजू चांगली. तसं दिसत नाही. काही पेट्या आरपार गोठलेल्या आहेत, काहींची फक्त एक कड, आणि काहींना काहीही झालेलं नाही. पेट्यांवर तुझ्या भांडारातल्या मांडणीचे शिक्के आहेत. त्याप्रमाणे पेट्या पुन्हा रचल्या. मागची भिंत, पंख्याची बाजू आणि तळ आरपार गोठलेले, वर आणि दाराकडे कड गोठलेली, पोटातल्या पेट्या शाबूत. हे गाडीत होत नाही. बंद खोलीत, पंख्यासमोर, कित्येक तासांत होतं.

मार्चमध्ये माझ्याकडे आलेले नमुने सगळेच्या सगळे शाबूत होते, म्हणजे ते पोटातल्या पेट्यांमधलेच होते. त्यांच्या पाकिटांवर कोपरे आणि तळ असं लिहिलेलं होतं.

कुठल्या पेट्या शाबूत राहतात हे तुला २४ फेब्रुवारीच्या पत्रात मी कळवलं. तेव्हा पेट्या गोठून झाल्या होत्या. तू मला आधीच झालेल्या गोष्टीबद्दल विचारत होतीस.

अहवाल मी दिला आहे. त्यात आपला पत्रव्यवहारही नमूद केला आहे. गाडीवाल्याचा यात दोष नाही हे पहिल्या परिच्छेदात लिहिलं आहे. त्याला परत कामावर घेतील.

जूनची रजा रद्द केली.


३ जून

तू खाली सही करायचंही विसरलीस की मुद्दामच नाही केलीस?

साहेब दोन माणसं घेऊन आले आणि किल्ल्या घेऊन गेले. क्वार्टर महिनाअखेर सोडायचं आहे. हे बोटीवर, त्यांना काय कळवू? तुझ्या बहिणीने माझी नोकरी घालवली असं कळवू?

ऐक आता, तुला खरंच हवं असलं तर. जानेवारीत रोज वीज जायची. मला वाटलं, आधीच खोली जास्त गार करून ठेवली तर वीज गेल्यावरही गारवा टिकेल. म्हणून तापमानाचा खटका खाली सरकवून ठेवला. त्या शनिवार-रविवारी वीज गेलीच नाही. सोमवारी दार उघडलं तर मागच्या भिंतीवर बर्फाची साय. लस खराब होऊ नये म्हणून केलं होतं गं मी. उष्णतेला घाबरत होते, थंडीला कोण घाबरतं? खटका परत वर केला, बर्फ वितळला, बाटल्या बघितल्या तर सगळ्या सारख्या. सगळ्या पांढऱ्या, सगळ्या चांगल्या दिसणाऱ्या. कुठली गेली, कुठली राहिली, कुणाला विचारणार? साहेबांना सांगितलं असतं तर त्याच दिवशी घराबाहेर. मग वाटलं, मला एक बहीण आहे.

हो, भिंगरीचं नाव पुढे केलं. माझ्यासाठी म्हणून विचारलं असतं तर तू दहा प्रश्न उलटे केले असतेस. तिच्यासाठी तू पानंच्या पानं लिहिलीस. मला कधी लिहिली होतीस?

शाल मी मनापासून पाठवली होती. थेंबांची गोष्टही खरी आहे. आई तसंच म्हणाली होती. तेवढं तरी खोटं धरू नकोस.

तू मला आधी एक पत्र टाकू शकली असतीस, "ताई, मला कळलंय, आता काय करायचं बोल," असं. मग मीच जाऊन सांगितलं असतं. निदान तशी संधी तरी. तू सहा मेच्या पत्रातच मॅडमना शेजारी बसवलंस. सख्ख्या बहिणीला लिहिताना साक्षीदार लागतो तुला.

आणि एक सांग, तुझ्या मनात संशय कुणी घातला? इथल्या कुणी कळवलं का? भिंगरीने तुला काही लिहिलं होतं का?

ताई


१० जून

ताई,

मला कुणी काही कळवलेलं नाही. पेट्या रचल्यावर दिसलं.

आधी पत्र टाकायला हवं होतं, असं तू म्हणतेस. सहा मेला मी दोन प्रश्न विचारले होते. मॅडमना सांगून विचारले, हे खरं. पण तेव्हा तू खरं लिहिलं असतंस तर ते तूच सांगितलंस अशी नोंद झाली असती. म्हणूनच मी आधी तुला विचारलं, भांडारावर माणूस पाठवला नाही. तू गाडीवाल्याचं नाव लिहिलंस. त्याला मी ओळखत नाही. तू ओळखतेस.

माझ्या सहीचा अधिकार चौकशी पूर्ण होईपर्यंत काढून घेतला आहे. मी तपासते, सही दुसरं कुणी करतं. हे योग्य आहे. मी बाहेरच्या माणसाला नमुन्यांचा नियम आणि त्यातली कच्ची जागा, दोन्ही लिहून कळवलं होतं. तू बाहेरची आहेस हे लिहिताना माझ्या ध्यानात आलं नाही.

शाल परत पाठवत नाही. तुझं क्वार्टर सुटतंय, नवा पत्ता माहीत नाही. वापरतही नाही.

खटका खाली सरकवण्यात तुझा हेतू चांगला होता, हे मला पटतं. चौकशीत विचारलं तर तसं सांगेन. त्या सोमवारी तू बर्फ पाहून कुणालाही फोन केला असतास, मलाही, तर त्या पेट्या नष्ट झाल्या असत्या, तुला बोलणी बसली असती, कदाचित बदली झाली असती. त्यापलीकडे काही झालं नसतं. शाळेतल्या मुलांना ती लस टोचली गेली नसती. तू दोन महिने हातात असताना तो फोन केला नाहीस. त्याऐवजी मला बर्फावर प्रश्न विचारलेस, आणि मी इतक्या आनंदाने उत्तरं लिहिली की आता ती पत्रं आठवली तरी मान खाली जाते.

घराचं म्हणशील तर मागच्या खोलीतला पलंग आणि शिवणयंत्र माझ्याकडे ठेवायला पाठवू शकतेस. ट्रकचं मी बघेन. तू आणि भिंगरी दोघींना जागा लागली तर माझी बाहेरची खोली रिकामी आहे. तुला मान्य असेल तर या. आल्यावर माझ्याकडून बोलण्याची अपेक्षा ठेवू नकोस, निदान काही दिवस.

एक शेवटचं. त्या बॅचची लस गेलेल्या सगळ्या शाळांमध्ये २३ जूनला पुन्हा लस दिली जाणार आहे. नवी बॅच आहे. नमुने निवडायला या वेळी मी स्वतः भांडारात गेले होते. कोपरे, तळ, पंख्याची बाजू, सगळीकडच्या बाटल्या माझ्या हाताने काढल्या आणि माझ्या हाताने हलवल्या. त्या चांगल्या आहेत.

भिंगरीला त्या दिवशी शाळेत पाठव. चिठ्ठी देऊ नकोस.

धाकटी